माझ्या मांत्रिकाचा दहावा

भुतांच्या बाबतीत मंठा तालुक्यात मला कोणी शिकवू नये. ही फुशारकी नाही. फुशारकी मारायची तर माझ्याकडे दुसरे विषय आहेत. पण उमेदीची सगळी वर्षं मी ज्या शेतात राखणीला झोपलो, त्याच्या एका बांधावर पिंपळ होता आणि दुसऱ्या बांधाला लागून स्मशान. अशा ठिकाणी माणूस एक तर भुतांना भितो, नाहीतर त्यांच्या सवयी ओळखू लागतो. मला भिण्याची सवड नव्हती. रानडुकरं फार होती.

अक्षरं मला साठीनंतर आली, तीही नातीकडून. म्हणजे भुतांविषयी मला जे कळतं ते पुस्तकातलं नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. पुस्तकातली भुतं मला मागच्या उन्हाळ्यात भेटली, आणि शेतातल्या एकाही भुतानं जे केलं नाही ते त्यांनी केलं. त्यांनी माझी खुर्ची घालवली.

खुर्ची लाल प्लास्टिकची, एक हात मोडलेली. पण ती अर्पिताच्या टेबलाची चौथी खुर्ची होती. अर्पिता म्हणजे माझी नात. पुण्याला शिकली, आता घरी बसून लॅपटॉपवर नोकरी करते. पुण्याहून येताना एक खेळ घेऊन आली. रविवारी दुपारी शेजारच्या गयासोद्दीनभाईंची नातवंडं खेळायला येतात. अकिबचं बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि त्याची बहीण कहकशा शाळेत गणित शिकवते. चौथा एक मुलगा यायचा, तो नोकरीसाठी हैदराबादला गेला. खुर्ची रिकामी पडली आणि तिच्यावर दोघांची नजर गेली. एक मी. दुसरा माझा चुलतभाऊ काकासाहेब. तो राहतो समोरच्या घरात आणि बसतो आमच्या ओट्यावर.

मी आधी बसलो, कारण घर माझं.

खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. अर्पिता सांगते, तुम्ही डोंगरात आहात, पुढे गुहा आहे. आपण म्हणायचं, मी आत जातो. मग फासा टाकायचा. फाशाला वीस बाजू. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला वाटलं, कोणीतरी सीताफळ वाळवून रंगवलंय. आकडा मोठा आला तर आपण म्हणालो तसं होतं, लहान आला तर फजिती. म्हणजे शेतीच, फक्त सावलीत बसून.

प्रत्येकानं खेळातला एक माणूस निवडायचा असतो. अकिब लढवय्या झाला. कहकशा तिरंदाज. मी मांत्रिक घेतला.

"लढवय्याला पळावं लागतं," मी म्हणालो. "माझे गुडघे कुठं धड आहेत?"

"आबा, गुडघे तुमचे. मांत्रिकाचे कशाला दुखतील?" कहकशा म्हणाली.

"मांत्रिक बी माझाच हाये ना."

मंत्र टाकायचा नियम अर्पितानं मला समजावून सांगितला. मंत्र तोंडानं मोठ्यानं म्हणायचा, हातानं त्याची खूण करायची, आणि ज्या त्या मंत्राची वस्तू झोळीत पाहिजे. आग लावायची तर गंधक, उडायचं तर पीस. तिन्हींतलं एक जरी कमी पडलं तर मंत्र चालत नाही. मला हे लगेच पटलं. आमच्या गावचा देवऋषीही तोंडानं पुटपुटायचा, हातानं मोरपीस फिरवायचा आणि लिंबू मागायचा. लिंबू नाही म्हटलं की झोळी उचलून घरी जायचा. खेळ करणाऱ्यांनी बराबर चौकशी केलेली दिसत होती.

आता माझ्या मांत्रिकाचं मरण सांगतो. शुक्रवार होता, कसलीतरी सुट्टी होती, म्हणून डाव मांडला होता.

"समोर पिंपळ आहे," अर्पिता म्हणाली. "खाली एक मुलगा उभा आहे. त्याच्या आरपार दिसतंय."

"मुंजा," मी म्हणालो. पुढे सरसावलो.

"आबा, थांबा. मी आधी लांबून बाण मारते," कहकशा म्हणाली.

"मुंजाला बाण? अगं, मुंजा लग्न झालेल्या माणसाच्या वाटेला जात न्हाई. मी त्याच्या बाजूनं जाऊन येतो. माझं लग्न झालंय. सोनूबाई, सांग बरं यांला."

सोनूबाई माझी बायको. ती आतून म्हणाली, "झालंय. त्यात माझाच निकाल लागला."

कहकशानं पेन्सिल खाली ठेवली. "आबा, मांत्रिकाचं लग्न झालंय का?"

ह्या अंगानं मी विचार केला नव्हता. फासा टाकला. एक आला. अर्पितानं फार हळू आवाजात सांगितलं की मुंजानं हात पुढे केला आणि मांत्रिक जागेवरच गार झाला.

टेबलाचा नियम साधा होता. ज्याचा माणूस मेला त्यानं उठायचं, जो वाट बघत असेल त्यानं बसायचं. ओट्यावर चपला काढल्याचा आवाज आला. मान वर करून बघितलं तर काकासाहेब दारात.

"पुंजाराम, ऊठ."

"कुठं उठू?"

"मेला ना तू."

"मेलो. पण गेलो न्हाई," मी म्हणालो. "ज्याची इच्छा राह्यली तो कुठं जातो? तो हितंच राहतो. तुला बी माहीत हाये, आपला चुलता चार महिने गोठ्यात दिसत होता."

अर्पितानं तिचं जाड पुस्तक उघडलं. इंग्रजी आहे, पण ती वाचून मराठीत सांगते. बराच वेळ पानं उलटून म्हणाली, "आहे तसं. मेलेला माणूस भूत होऊन खेळात राहू शकतो. पण त्याची काहीतरी इच्छा राहिलेली पाहिजे. ती पुरी झाली की भूत जातं."

त्या दिवशी मला त्या पुस्तकाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

"मग तुमच्या मांत्रिकाची इच्छा काय?" कहकशानं विचारलं.

इथं मी डोकं चालवलं. इच्छा अशी पाहिजे की ती कधी पुरीच होऊ नये. म्हणजे खुर्ची कायमची आपली. मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "घंगाळ."

आमच्या आईचं पितळेचं घंगाळ होतं. आंघोळीचं पाणी काढायचं. आई गेली तेव्हा माझी धाकटी बहीण दैवशाला ते तीर्थपुरीला सासरी घेऊन गेली. ते मला द्यायचं का तिच्याकडे राहायचं, यावर आमचं बोलणं झालं, मग भांडण झालं, मग बोलणं बंद झालं. एक वेळ सूर्य पश्चिमेला उगवला असता, घंगाळ आलं नसतं. अर्पितानं माझ्या कागदावर लिहिलं: मांत्रिकाची राहिलेली इच्छा, बहिणीकडचं घंगाळ. काकासाहेबानं खांद्यावरून वाकून ते वाचून घेतलं आणि पुन्हा चपला घातल्या.

भुताचेही नियम होते. काही पुस्तकातले, काही मी सांगितलेले. भूत नाकात बोलतं, हे मी सांगितलं. जिवंतांना ते ऐकू येईलच असं नाही, त्यासाठी फासा टाकायचा, दहाच्या वर आला तर ऐकू आलं, हे अर्पितानं सांगितलं. आणि डाव चालू असताना भूत साध्या आवाजात एक शब्द जरी बोललं तर बाद, हे कहकशानं सांगितलं. गणिताच्या मास्तरणीपुढे बोलायची सोय नसते.

"पण भुताला मंत्र टाकता येतील का?" अकिबनं विचारलं. त्याच्या लढवय्यानं मांत्रिकाचं मढं खांद्यावर घेतलं होतं, म्हणून त्याला हिशोब हवा होता.

"तोंड आहे, नाकातून का होईना," कहकशा म्हणाली. "हात आहे, हवेचा का होईना, खूण करता येईल. पण वस्तू? झोळी मढ्याच्या गळ्यात आहे. भुतानं हात घातला तर आरपार जाईल. वस्तू न्हाई तर मंत्र न्हाई."

"पोहोचती की वस्तू," मी म्हणालो.

"कशी?"

"पितरांच्या पंधरवड्यात आम्ही गच्चीवर पान ठेवतो. मेलेल्याला पोहोचतं म्हणूनच ठेवतो ना? जिवंतानं रीतसर दिलं की मेलेल्याला मिळतं. खीर जाती तर गंधक काहून जाणार न्हाई?"

अर्पिता म्हणाली, "पटतंय. पण पोहोचलं हे कळणार कसं?"

"कावळ्यानं शिवलं की पोहोचलं."

"आमच्यात असं न्हाई," कहकशा म्हणाली, "पण नियम मंजूर. फक्त कावळा खरा पायजे. फाशावर कावळा चालणार न्हाई."

ठरलं. पुढच्या डावाला गच्चीवर पान ठेवायचं, खऱ्या कावळ्यानं शिवलं तर भुताला मंत्र सुरू. जगात जिथं जिथं हा खेळ खेळतात तिथं असा तोडगा कोणी काढला नसेल, असं अर्पिता म्हणाली. मी मान हलवली. त्या वेळी मला तो मान वाटला.

लगेचच्या रविवारी अर्पिताला कामासाठी जालन्याला जावं लागलं, म्हणून डाव त्याच्या पुढच्या रविवारवर गेला. मधल्या दिवसांत मी नाकात बोलायची सवय केली. सोनूबाईनं बजावलं की असा चहा मागितला तर मिळणार नाही, आणि खरंच दोनदा मिळाला नाही.

त्या रविवारी मुलगा आणि सून परतूरला लग्नाला गेले होते, ते बरंच झालं. सोनूबाईनं भात रांधून द्यायला साफ नकार दिला. "धडधाकट माणसाच्या नावानं गोळा घालून राह्यले. लाज न्हाई," म्हणाली. मी स्वतः रांधला. भाताचा गोळा केला, वर काळे तीळ लावले, पळसाच्या पत्रावळीवर ठेवला. बाजूला काडेपेटीतल्या काड्यांचा गुल खरवडून ठेवला, तो गंधक. एक कोंबडीचं पीस ठेवलं. भूत भुतासारखं दिसावं म्हणून अर्पितानं मला पांढरं धोतर अंगाभोवती गुंडाळायला लावलं. कहकशाच्या आजीनं शेजारच्या गच्चीवर सांडगे वाळत घातले होते आणि काठी घेऊन राखत बसली होती. गल्लीतले सगळे कावळे तिथंच, पाण्याच्या टाकीवर ओळीनं बसलेले.

"कोण गेलं वो?" आजीनं विचारलं.

"आबांचा मांत्रिक गेला, दादीजान," अकिब म्हणाला.

"अल्ला. भला माणूस होता का?"

"लग्न झालं नव्हतं," कहकशा म्हणाली.

तेवढ्यात काकासाहेब जिना चढून आला. स्वतःचं स्टूल घेऊन. गोळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग अर्पिताला विचारलं, "बाई, ह्यो कोणत्या वारी मेला?"

"शुक्रवारी. परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या. आजच्या आधीच्या रविवारी मी जालन्याला होते."

काकासाहेबानं बोटांवर मोजलं. "म्हणजे आज दहावा."

मी आधी टाकीवरच्या कावळ्यांकडे बघितलं.

आपल्याकडे हे लहान पोरालाही माहीत असतं. पितरांच्या पंधरवड्यात कावळा शिवला म्हणजे पितर जेवले. ते जेवायलाच आलेले असतात, जेवून जातात, पुढच्या वर्षी परत येतात. दहाव्याचं वेगळं. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवला म्हणजे मेलेल्याचं काही मागं राहिलं नाही, तो सुटला. मी पंधरवड्याचा नियम सांगितला आणि दिवस निघाला दहाव्याचा. काकासाहेबानं हे अर्पिताला इतकं नीट समजावलं की ग्रामसभेत इतकी वर्षं हा माणूस गप्प का बसला, असं मला वाटलं.

"म्हणजे कावळा शिवला तर आबा सुटले, खुर्ची रिकामी," अर्पिता म्हणाली. "आणि नाही शिवला तर वस्तू पोहोचत नाही, मंत्र नाही."

"बराबर."

"आबा, कावळ्याचा नियम तुम्हीच आणलाय."

मी नाकातून म्हणालो, "मँला वँस्तू नँको."

अकिबनं फासा टाकला. "बारा. ऐकू आलं. वस्तू नको म्हणतात."

"मंत्र न्हाई तर भूत करणार काय?" कहकशानं विचारलं.

"बँसून राँहीन."

अकिबनं फासा उचलायच्या आत जिन्यातून सोनूबाई म्हणाली, "ती सवय हाये त्यांला." आणि खाली निघून गेली.

"आन् कावळा दिवस मावळेपर्यंत शिवलाच न्हाई तर?" अर्पितानं काकासाहेबाला विचारलं.

"ते मी सकाळीच रामप्रसादला फोन करून इचारलंय. तालुक्यातला एक दहावा त्यानं चुकवला न्हाई. म्हणलं, आज पुंजारामचा दहावा हाये, कावळा न्हाई शिवला तर काय करतेत?"

रामप्रसाद म्हणजे दैवशालाचा नवरा. तीर्थपुरीला असतो.

"मग काय म्हणाले?"

"काहीच न्हाई. येवढंच म्हणला, आम्हाला कोणी कळवलं बी न्हाई. आन् ठेवून देला. दुपारून लागूनच न्हाई राह्यला."

इथं माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. पण तोवर एक कावळा टाकीवरून उडून आमच्या कठड्यावर आला होता आणि मान वाकडी करून गोळ्याकडे बघत होता. मी धोतराचा सोगा फिरवला. तो उडाला. दुसरा आला. त्यालाही हाकललं. शेजारच्या गच्चीवर आजी सांडगे राखत होती, आमच्या गच्चीवर मी माझा पिंड. कावळ्यांचा त्या दिवशी आमच्या गल्लीवरचा विश्वास उडाला असेल. समोरच्या दोन-तीन गच्च्यांवर माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, "जिवंतपणी बी असाच होता. कोणाला घासभर खाऊ देत न्हाई."

एक म्हातारा कावळा मात्र आमच्या गच्चीवरच्या टाकीमागं जाऊन बसला होता आणि तिथून डाव साधणार असं त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. मी वाकत वाकत टाकीमागं गेलो. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबल्याचा आवाज आला, आणि मग तो टाहो.

"दादा रे, मला तोंड बी बघू दिलं न्हाई रे."

आवाज मी ओळखला. तो आवाज मी इतक्या वर्षांत फक्त भांडतानाच ऐकला होता, पण ओळखला. दैवशाला पदरानं तोंड झाकून जिना चढली, कोणाकडे न बघता थेट पत्रावळीसमोर बसली आणि हमसून रडू लागली. मागं रामप्रसाद, हातात टॉवेल-टोपी. त्याच्यामागं तीर्थपुरीची तीन-चार माणसं, सगळी पडलेल्या चेहऱ्यानं. अर्पिता उभी राहिली. "आत्याआजी, अगं…" एवढंच म्हणाली.

"तू गप," दैवशाला म्हणाली. "तुम्हाला शिकवलं कशाला? एक फोन करता येत न्हाई?"

मी टाकीमागून अर्धा बाहेर आलो. तोंड उघडलं. आणि बघतो तर कहकशाचं एक बोट वर. साध्या आवाजात एक शब्द, तर बाद. तिकडे स्टुलावर काकासाहेब ताठ बसलेला, जणू स्टुलालाच खुर्चीची सवय करून देतोय.

वाचकहो, एका बाजूला सख्खी बहीण रडत होती, दुसऱ्या बाजूला खुर्ची होती. मी मधला मार्ग काढला. नाकातून म्हणालो, "दैंवशाला, मी हिंतंच हाँये."

अकिबनं फासा टाकला. "सात. ऐकू न्हाई आलं."

दैवशालाला आलं. तिनं रडणं थांबवलं, पदराआडून आभाळाकडे तोंड केलं. "ऐकलं का? माझ्या दादाचा आवाज. नाकातून बोलून राह्यला. भटकून राह्यला वो तो." आणि आधीपेक्षा मोठ्यानं रडू लागली. शेजारच्या आजीनं सांडगे सोडून पदर डोळ्याला लावला.

रामप्रसादनं गोळ्याची पाहणी केली. जाणकार माणूस. "कवाचा ठेवला?" त्यानं विचारलं.

"तास होऊन गेला," काकासाहेब म्हणाला.

"आन् कावळे समोर बसलेत, तरी शिवून न्हाई राह्यले. म्हणजे इच्छा राह्यली. शब्द द्या कोणीतरी. शब्द देल्याबिगर येत न्हाई कावळा." मग स्वतःच हात जोडून म्हणाला, "पाहुणे, सोनूबाईंचं आम्ही बघू."

कावळा हलला नाही. मीच हलू देत नव्हतो.

"पोराकडं लक्ष ठेवू."

कावळा बसूनच.

"त्याची इच्छा घंगाळ हाये," काकासाहेब म्हणाला. "पोरीनं लिहून घेतलंय. मी वाचलंय."

दैवशालानं पदर तोंडात धरला. मग गोळ्यासमोर डोकं टेकलं. "देते," म्हणाली. "दादा, देते रे. आईचं घंगाळ तुझ्या दारात आणून ठेवते. मला काय करायचं त्याचं? तू भेटायला येशील म्हणून अडवून ठेवलं होतं. आला न्हाई तू. उद्याच धाडते. जा आता. सुखानं जा."

इतक्या वर्षांनी ते शब्द कानावर पडले. माझ्या हातातून धोतराचा सोगा कधी सुटला मला कळलं नाही. टाकीमागचा म्हातारा कावळा माझ्या डोक्यावरून गेला, गोळ्यावर बसला, आणि नुसता शिवला नाही, अर्धा घेऊन गेला. कोंबडीचं पीसही नेलं.

सगळ्यांनी हात जोडले. तीर्थपुरीच्या माणसांनी, समोरच्या गच्चीवाल्यांनी, आजीनं. काकासाहेबानं सगळ्यात भक्तीनं.

"आबा," कहकशा हळूच म्हणाली. "शिवला."

मंत्राचाही प्रश्न उरला नाही, आवाजाचाही नाही. मी टाकीमागून बाहेर आलो आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो, "दैवशाला, उद्या कशाला? आजच धाड."

दैवशालानं पदर बाजूला केला. आधी माझ्या पायांकडे बघितलं. पाय सरळ होते. मग धोतराकडे, मग तोंडाकडे. मला ओळखल्याची खूण म्हणून तिनं चप्पल हातात घेतली.

पुढचं फार सांगत नाही. पहिली चप्पल मला लागली, दुसरी काकासाहेबाला. ती चुकून लागली असं ती म्हणते, पण तिचा नेम लहानपणापासून चांगला आहे. मग तिनं मला धरलं आणि पुन्हा रडली, ह्या वेळी पदर न घेता. रामप्रसादचा राग वेगळाच होता. मी जिवंत आहे ह्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण दहाव्याला म्हणून जीप करून आणलेल्या माणसांना आता काय तोंड दाखवायचं, हे त्याला समजेना. शेवटी सोनूबाईनं सगळ्यांना पिठलं-भाकरी केली. मला वाढताना म्हणाली, "घ्या. पोहोचतंय का बघा."

जेवणं झाल्यावर मी घंगाळाचा विषय काढला.

"कसलं घंगाळ?" दैवशाला म्हणाली.

"आत्ता शब्द देला ना तू. इतक्या माणसांदेखत."

"मेलेल्याला देल्ता. जिवंताशी माझं काही बोलणं झालं न्हाई."

मी कहकशाकडे बघितलं. तिनं थोडा विचार केला. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाली.

"मग शब्द खोटा ठरला. म्हणजे इच्छा राह्यली. म्हणजे भूत हायेच," मी म्हणालो. माझ्या मते ह्याला उत्तर नव्हतं.

अर्पितानं पुस्तक उघडलंसुद्धा नाही. "आबा, कावळा शिवला का नाही?"

तीर्थपुरीची सगळी माणसं एकदम म्हणाली, "शिवला."

माझ्या मुलासाठी आणलेली टॉवेल-टोपी परत न्यायची नसते, म्हणून रामप्रसादनं ती जवळचा भाऊबंद म्हणून काकासाहेबाला दिली. तो ती टोपी घालूनच लाल खुर्चीवर बसला. मोडक्या हाताच्या बाजूला त्यानं घरून आणलेली उशी लावली. ती उशी तो सकाळीच ओट्यावर ठेवून आला होता, हे मला नंतर कळलं.

दैवशाला आता महिन्यातून एकदा येते. घंगाळ आणत नाही. मी तिच्याकडे जाऊन आलो तर त्यात गरम पाणी काढून देते, बस इतकंच.

आणि मी ओट्यावर बसतो. काकासाहेबाचा माणूस मरायची वाट बघतो. पण त्यानं पहिल्याच दिवशी अर्पिताला सांगितलं की त्याचा माणूस आधीच मेलेला आहे, तो सुरुवातच भूत म्हणून करणार. अर्पितानं पुस्तक बघितलं. चालतं म्हणाली. मंत्राचं काय, असं कहकशानं विचारलं, तर तो म्हणाला, "मंत्र कोणाला पायजे? मला बसायचं हाये." आणि राहिलेली इच्छा कोणती, ते तो कोणाला सांगत नाही. अर्पिताच्या कानात सांगितलीय म्हणे.

म्हणून दर रविवारी मी गच्चीवर भाताचा गोळा ठेवतो आणि काकासाहेबाच्या भुताला एकेक वचन देऊन बघतो. पिंपळाच्या बांधावरून त्याच्याशी चाललेली जुनी भानगड सोडून देऊ केली. ओट्यावरची जागा त्याच्या नावे करून देतो म्हणालो. म्हातारा कावळा टाकीवर बसून सगळं ऐकतो आणि हलत नाही. परवा शेवटचा उपाय म्हणून हात जोडून म्हणालो, "काकासाहेबा, माझी खुर्ची घे, पण जा." मग ध्यानात आलं, ती त्याच्याकडेच आहे.